वरचा एक पौंड

आमच्या मुरुम गावात पौंडाचा भाव रोज बघणारी दोन माणसं होती, असा एक काळ होऊन गेला. एक मी, शाळेत गणित शिकवणारी. दुसरे आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांची तुरीची आडत आहे आणि मुंबईपलीकडचा मुलूख त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. सकाळी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, निघायच्या आधी चहाचा कप हातात घेऊन ते विचारायचे, "आज काय निघाला?" पहिल्या दिवशी आईनं तुरीचा भाव सांगितला. विचारणा इंग्लंडची आहे हे कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला आणि दुसरा चहा द्यायचं रद्द केलं.

हे सगळं झालं आत्यांच्या स्वेटर विणायच्या मशीनपायी. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. त्यांना कर्नाटकातल्या आळंदला दिलं होतं. नवरा गेल्यावर त्या परत आल्या त्या एक ट्रंक आणि हे मशीन घेऊन. मशीन परदेशी, जुनं, टेबलाएवढं लांब. त्यावर आकडीच्या सुयांची रांग असते आणि वरून एक पेटी खर्र खर्र सरकते, तिला आत्या 'गाडी' म्हणतात. पंचवीस वर्षं त्या समोरच्या खोलीत बसून आसपासच्या शाळांची स्वेटरं विणताहेत. बोलतात मराठी, पण टाके अजून कानडीत मोजतात. का, असं विचारलं तर म्हणतात, मराठीत मोजलं की चुकतं.

श्रावणात आप्पांना गोदाम पुरेना. त्यांनी आत्यांच्या खोलीत भिंतीला तुरीच्या कट्ट्यांची, म्हणजे भरलेल्या पोत्यांची, थप्पी लावली. "दोन दिवसांसाठी," म्हणाले. तिसऱ्या दिवशी वरचा कट्टा घसरला आणि नेमका मशीनवर येऊन बसला. तीस सुया वाकल्या.

आप्पांची एक रीत आहे. चूक दुसऱ्याची असली की ते समजुतीनं बोलतात, स्वतःची असली की आवाज चढवतात. त्या दिवशी ते असे काही ओरडले की शेजारचे दूधवाले बघायला आले. "जुनाट डबडं हाय ते. भंगारवाला सातशे द्यायलाय. दिवाळीपातूर चाललं तर ठिवू, न्हाय तर काढून टाकू. खोली तरी मोकळी हुईल." माकणीच्या निवासी शाळेची साठ स्वेटरं आत्यांनी घेतली होती. धरणाच्या कडेला थंडी फार, म्हणून दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी ती तिथं पोचायला हवी होती. वाकलेल्या सुया एकेक काढून आत्यांनी ताटलीत ठेवल्या.

मशीन गेलं असतं तर आत्या काही उपाशी राहिल्या नसत्या. खाण्यापिण्याला आमच्या घरात कधी कमी नव्हतं. पण स्वतःच्या पैशानं साडी घेणाऱ्या आत्या आणि भावापुढं शंभर रुपयांसाठी हात पसरणाऱ्या आत्या, या दोन वेगळ्या बायका झाल्या असत्या. हे मला कळत होतं, त्यांना तर माझ्याआधी कळलं होतं.

सोलापूरच्या कारागिरानं सुई भिंगाखाली धरून सांगितलं की ही आता आपल्याकडं मिळत नाही आणि लुधियानाची बसणार नाही, जाड पडते. मग मी मोबाईलवर शोध शोध शोधलं. इंग्लंडात एक म्हातारबुवा सापडले. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये म्हणे जगातल्या सगळ्या बंद पडलेल्या विणयंत्रांचे सुटे भाग होते. मी सुईचा फोटो पाठवला, त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं. आहेत. तीस सुया, टपालखर्चासकट चाळीस पौंड. म्हणजे आपले साडेचार हजारांच्या आसपास. आत्यांकडं तेवढे होते.

"आता पैसे पाठवायचे. दहा मिनिटांचं काम," मी म्हणाले. हे वाक्य घरात अजून माझ्या नावानं सांगितलं जातं.

पहिल्यांदा आम्ही दोघी बँकेत गेलो. तिथले साहेब भला माणूस. "परदेशात पैसे? मुलांचं शिक्षण का?" नाही. "दवाखाना?" नाही. "मग?" आत्या म्हणाल्या, "सुया." साहेबांनी चष्मा काढून पुसला. पैसे कशासाठी चाललेत त्याची एक यादी त्यांच्याकडं होती. ती त्यांनी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग मोठ्या शाखेला फोन लावला. तिकडच्यांनाही यादीत सुया सापडल्या नाहीत. शेवटी कुठंतरी बसवता येईल असं ठरलं आणि साहेबांनी खर्च मांडला. आपल्या बँकेचे इतके, तिकडच्या बँकेला निरोप पाठवायचे इतके, त्यावर कर, आणि मध्ये एक परकी बँक लागते ती किती कापेल ते कापल्यावरच कळेल. सगळे मिळून दोन हजारांवर जात होते.

आत्यांनी पिशवी उचलली. "चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला. ऊठ."

मग मी माझं कार्ड काढलं. परदेशात चालावं म्हणून त्यात काय काय चालू केलं आणि पैसे भरायला बसले. नाही झालं. पुन्हा भरले, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा भरले तेव्हा बँकेला वाटलं की कार्ड चोरीला गेलंय. त्यांनी कार्डच बंद केलं. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर टाकी भरून झाल्यावर मला हे समजलं. पंपावरचा माणूस माझाच जुना विद्यार्थी निघाला, म्हणून स्कूटी घरी आली. "मॅडम, उद्या द्या," तो म्हणाला आणि चारचौघांत हसला. वर्गात मी त्याला उभं करायचे त्याची सव्याज परतफेड झाली.

तिसरा रस्ता जळकोटचा. माझ्या शाळेतल्या एका बाईंची मावशी तिथं हमरस्त्याच्या कडेला राहते आणि तिचा मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे. त्यानं तिथल्या तिथं सुया घ्याव्यात आणि दिवाळीला येताना आणाव्यात, असं आमचं गणित. मावशींनी पोहे दिले, चहा दिला, वर चिवडा दिला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत गेल्या आणि मुलाचा फोटो आणि माहितीचा कागद घेऊन आल्या.

"तेतीस संपलं त्याला," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झालं बघायलोय. तुमी एक चांगली पोरगी सुचवा. मग सुया काय, म्या त्याला अख्खं मशीन आणाया लावते."

परत येताना आत्या स्कूटीवर माझ्या मागं बसल्या होत्या. गाव मागं पडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आपल्याला सुया तीस पायजेत. तिला पोरगी एकच. तिचं सोपं हाय की." मला इतकं हसू आलं की स्कूटी रस्त्याच्या कडेला लावावी लागली. मालट्रका हॉर्न वाजवत जात होत्या आणि आम्ही दोघी बाभळीखाली डोळे पुसत उभ्या. आत्यांनी खरोखरच दोन दिवस आळंदकडं फोन लावले, एक स्थळ काढलंही. मुलानं कळवलं की मुलगी उंच हवी. आत्या म्हणाल्या, "उंची बघून सुई घ्यावी, बायकू न्हाय," आणि तो विषय संपला.

गणपती बसले आणि उठले. मशीनवर आत्यांनी धुतलेली चादर घातली होती. भंगारवाल्याची हातगाडी गल्लीत आली की त्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या. मला रात्रंदिवस त्या चादरीची लाज वाटायला लागली होती, कारण दहा मिनिटं मीच म्हणाले होते.

शेवटी सुटका केली माझ्याच एका विद्यार्थिनीनं. दहावीला गणितात ती कशीबशी पस्तीसवर आली होती. आता घरातच बसून परदेशातल्या दुकानांसाठी डब्यांवरची चित्रं काढते आणि परदेशी पैशात कमावते. मी तिच्यापुढं वही घेऊन बसले. ती म्हणाली, "मॅडम, फी किती घेतेत ते बघूच नका. तिकडं चाळीस पोचायला आपले किती जातेत, तेवढंच बघा. 'फी शून्य' म्हणणारा भावात कापतो." तिनं परदेशात पैसे पोचवणाऱ्या तीन कंपन्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. जिथं फी नव्हती तेच सगळ्यांत महाग पडत होतं. जिथं फी उघड लिहिली होती आणि भाव बाजाराचा होता, तिथं वरखर्च शंभराच्या आत बसत होता. माझी वीस वर्षांची नोकरी, पण हे गणित मला कधी पुस्तकात भेटलं नव्हतं.

मी घरी हे समजावून सांगत होते तेव्हा आप्पा पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. पेपर हळूहळू खाली आला.

"म्हंजे हमाली माफ म्हणायचं आन् भावात मारायचं," ते म्हणाले. "आगं, ही इद्या आमच्या मोंढ्यात लई जुनी हाय. म्या तुला तवाच सांगितलं असतं. मला कुणी इचारलं का?"

आणि तिथून आप्पा या प्रकरणात जे घुसले ते घुसलेच. मला वाटतं, त्यांना आत शिरायला एक दार हवंच होतं, माफी मागायचं सोडून दुसरं कुठलंही. पौंडाचा भाव रोज बदलतो हे कळल्यावर तर त्यांच्या अंगात आलं. मी लगेच पैसे भरायला निघाले तर म्हणाले, "थांब. चढलेल्या भावात माल घेत न्हाईत. उतरंल." आम्ही चार दिवस थांबलो. आप्पा आभाळाकडं बघून पौंडाचा अंदाज बांधायचे. चौथ्या दिवशी भाव खरंच उतरला आणि चाळीस पौंडांमागं अकरा रुपये वाचले. ते त्यांनी मोंढ्यात पाच जणांना सांगितलं आणि त्या पाचही जणांना चहा पाजला.

पैसे भरायला आत्यांनी सोमवार धरला. पूजा आटोपून त्या ओल्या केसांनी येऊन बसल्या. माझ्या मोबाईलला त्यांनी विभूती लावली, त्यामुळं माझा अंगठा ओळखायचं त्यानं सोडून दिलं, मग पुसून घेतला. पैसे पोचवणाऱ्या त्या कंपनीच्या पानावर, तिकडं किती पोचवायचे ती रक्कम आपणच लिहायची होती. मी चार लिहिला, शून्य लिहिलं. आत्यांनी माझा हात धरला.

"शून्य कशाला? एक्केचाळीस टाक."

आमच्याकडं शुभकार्यात शून्यावर पैसे देत नाहीत. आहेर एकशे एकचा, देवळाची वर्गणी एकावन्न. धंद्याची वस्तू घरात येणार असेल तर दुकानदारानं हजार सांगितले की आपण वर एक रुपया ठेवायचा, आणि दुकानदारही तो कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो. हे मला माहीत होतं. पण मी गणिताची बाई.

"आत्या, हे बिल आहे, आहेर नव्हे. त्यांनी चाळीस मागितलेत."

"त्येनी मागितलं त्येंचं. मशीन माझं पुन्यांदा जल्माला यायलंय. त्याला शून्यावर आणू?"

मी मदतीसाठी आप्पांकडं पाहिलं. अकरा रुपयांसाठी चार दिवस थांबलेला माणूस. ते म्हणाले, "टाक गं. शुभाला कंजुषी करू नी." मी एक्केचाळीस टाकले. पैसे गेले. आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. आम्ही चौघं त्या मोबाईलकडं नातवाकडं बघावं तसे बघत बसलो होतो.

तीन दिवसांनी मोबाईलवर इंग्लंडहून पत्र आलं. सभ्य होतं, पण वाचताना माझे कान गरम झाले. म्हातारबुवांनी लिहिलं होतं की चाळीस मागितले असता एक्केचाळीस आले आहेत. त्यांची मुलगी दुकानाचा हिशोब बघते. तिचं म्हणणं, ही फसवणुकीची नेहमीची तऱ्हा आहे. आधी जास्त पैसे पाठवायचे, मग चुकून गेले म्हणून वरचे परत मागायचे आणि मागाहून कळतं की मूळचे पैसेही खोटेच होते. तेव्हा खात्री पटेपर्यंत सुया पाठवता येणार नाहीत.

मी ते मराठीत वाचून दाखवलं. आप्पा उभे राहिले. "आपल्याला चोर म्हणाला?" आत्या मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "कमी दिल्यावर चोर म्हणतेत. जास्त दिल्यावर चोर, हे नवीनच निघालं." हसता हसता त्या थांबल्या आणि चादर घातलेल्या मशीनकडं बघू लागल्या. दसरा चार दिवसांवर आला होता. साठ स्वेटरांना रोज दोन धरली तरी महिना लागतो, हे सांगायला गणिताच्या बाईची गरज नव्हती.

"लिव्ह त्येला," आत्या म्हणाल्या. "म्या सांगते तसं लिव्ह. तुझं शाणपण घालू नको."

मी लिहायला घेतलं. आत्या जमिनीवर बसून, भिंतीला टेकून सांगत होत्या. "म्हणावं, वरचा एक आमी कधीच परत मागणार न्हाय. मागायचा नसतोच तो. चाळिसाला चाळीस दिले की हिशोब मिटला. तुमी कोण, आमी कोण. वर एक ठिवला की मिटत न्हाय. पुन्यांदा गाठ पडती. माझ्या मशीनला तुमची गरज पुन्यांदा लागंल, म्हणून ठिवलाय." मग म्हणाल्या, "आन् लिव्ह की म्या पंचवीस वर्सं पोरांची स्वेटरं इणती. चोर असती तर लोकर कमी घातली असती."

हे इंग्रजीत आणताना माझा घाम निघाला. 'मिटत नाही' यावर मी अर्धा तास घालवला. सोबत मशीनचा फोटो जोडला, मागं आत्या, आणि फोटोत यायचं नाही म्हणत आलेले आप्पा.

आठ दिवस काहीच नाही. आप्पांनी पौंडाचा भाव विचारायचं सोडलं. दसऱ्याला आत्यांनी चादर काढून मशीनची पूजा केली, झेंडूची माळ घातली आणि चादर परत घातली. मला तिथं उभं राहवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसले.

नवव्या दिवशी उत्तर आलं. तीनच ओळी. या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण मागितल्यापेक्षा जास्त अजून कुणी दिलं नव्हतं. मुलीला अजूनही ही फसवणूकच वाटते. सुया आज टपालात टाकल्या आहेत, लवकर पोचतील अशा टपालानं, त्याचा वेगळा खर्च नको.

पार्सल आलं तेव्हा मी शाळेत होते. आईचा फोन आला, मी वर्गाला दोन उदाहरणं घालून दिली आणि मधल्या सुट्टीत पळत घरी आले. आत्यांनी मी येईपर्यंत उघडलं नव्हतं. जाड कागदात गुंडाळलेल्या सुया त्यांनी पांढऱ्या कापडावर काढल्या आणि मोजायला लागल्या. "...इप्पत्तेंटु, इप्पत्तोंबत्तु, मूवत्तु." तीस. आणि हात थांबला. कापडावर अजून एक सुई होती.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. एकतीसच भरल्या. कानडीत मोजताना आत्या चुकत नाहीत. सोबत एक चिठ्ठी होती, मी वाचली. 'तीस तुमच्या. वरची माझी.'

आत्यांनी ती सुई उचलून कपाळाला लावली. आप्पा उंबऱ्यात उभे होते. ते आत आले आणि भिंतीजवळ उरलेले कट्टे स्वतःच्या पाठीवर घेऊन गोदामात टाकून आले. हमालाला हाक मारली नाही. संध्याकाळी खोलीतून खर्र खर्र ऐकू यायला लागलं तेव्हा आई चपात्या लाटायच्या थांबून ऐकत राहिली.

पुढचे दिवस आमचं घर स्वेटरांचंच होतं. मी शिवण घालायचे, आई गुंड्या लावायची, आप्पा ताडपत्रीवर थप्पी लावायचे, तीही भिंतीपासून दूर. शाळा उघडली त्या सकाळी साठ स्वेटरं माकणीला पोचली. त्यानंतरही मशीन चालूच होतं. आत्या एकसष्टावं विणत होत्या, मोठ्या माणसाचं. इंग्रज म्हातारा किती रुंद असेल यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी आप्पांना हात पसरून उभं केलं, त्यांचं माप घेतलं आणि वर दोन बोटं वाढवली.

पोस्टात आम्ही तिघं गेलो. कारकुनानं पार्सल काट्यावर ठेवलं आणि सांगितलं, "दोन हजार सहाशे सत्तर." माझ्या डोळ्यापुढं बँकेतले साहेब आले. "आत्या, चार आण्याची..." मी सुरुवात केली.

"गप," आत्या म्हणाल्या.

आप्पांचा हात खिशात गेला होता. नोटा अर्ध्या बाहेर आल्या होत्या. आत्यांनी कमरेची पिशवी सोडली, माकणीचे पैसे काढले आणि भावाकडं न बघता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, दादा. मशीन चालू हाय माझं."

आप्पांनी नोटा परत खिशात ठेवल्या. मग पुढं होऊन पावती मात्र त्यांनीच घेतली, दोन्ही हातांनी.